आधी शेवटची ओळ

धातूचं भांडं पायऱ्यांवरून घरंगळत खाली जातं, तेव्हा त्याच्या आवाजाला एक चाल असते. पहिला ठोका मोठा आणि मोकळा, भांडं हातातून सुटल्याची वर्दी देणारा. मग पायरीगणिक एकेक, सारख्या अंतरानं. तळाला पोचल्यावर मात्र ते लगेच आडवं होत नाही, आपल्याच बुडाच्या काठावर गरगरत राहतं. ठोक्यांमधलं अंतर आखडत जातं, ठणठण बारीक होत होत नुसती थरथर उरते, आणि ती थरथर टिपेला पोचते न पोचते तोच सारं एकदम थांबतं. त्या थांबण्यात काहीतरी बोलायचं राहून गेलेलं असतं. नेहमीच.

इलेक्ट्रॉनिक सिटीत, नीलाद्री रोडच्या आतल्या एका गल्लीत आम्ही राहतो, त्या इमारतीची लिफ्ट अधूनमधून रुसते आणि मग सकाळच्या घाईत कुणा ना कुणाच्या हातून डबा निसटतो. सिमेंटच्या जिन्यावर स्टीलचा डबा फार कोरडा वाजतो. कुणीतरी वरून ‘अय्यो’ म्हणतं, खालच्या मजल्यावर एखादं पोर खुदकन हसतं, आणि हेडफोन लावून मीटिंगमध्ये बसलेली मी उगाच थबकते. पडद्यावर दूरदेशीचा कुणी भला माणूस काहीतरी समजावून सांगत असतो, त्याचे ओठ हलताना दिसतात, आणि माझ्या कानात मात्र वाईच्या मधल्या आळीतल्या आमच्या वाड्याच्या मागच्या दगडी पायऱ्या वाजत असतात. तिथे पितळेचा तांब्या पडायचा. पाण्यानं अर्धा भरलेला असेल तर पहिले दोन ठोके जड, ओलसर यायचे. पाणी सांडून गेलं की तिसऱ्या पायरीपासून त्याचा गळा मोकळा व्हायचा.

तांब्या कुणी पाडला, पोचा पडला का, पाणी कुठवर गेलं, ही चौकशी आजीची. आबांची चौकशी निराळी असे. ते ओसरीवर बसलेले, मांडीवर उघडं पुस्तक. आवाज पुरता विरेपर्यंत ते मान वर करत नसत. मग म्हणत, “चौथी ओळ आली. पहिल्या तीन कोण सांगतंय?”

या प्रश्नामागची गोष्ट आम्हाला पाठ होती आणि तरी दर वेळी ती पुन्हा ऐकायची असे. भोजराजानं भर दरबारात एक समस्या घातली. श्लोकाचा शेवटचा चरण तेवढा दिला आणि त्यात शब्द म्हणावा असा एकही नाही, नुसता ठणठणाट. पंडित एकमेकांकडे पाहू लागले. ज्याला अर्थच नाही तो श्लोक पुरा करायचा कसा? कालिदासानं तीन चरण सहज रचले. रामाला राज्याभिषेक होतो आहे, वाड्यात लगबग चालली आहे, आणि आनंदानं बावरलेल्या एका तरुणीच्या हातून सोन्याचा कलश सुटून जिन्यावरून खाली जातो आहे. जाता जाता तो जो आवाज करतो तो असा. आणि मग राजानं दिलेला ठणठणाट, जसाच्या तसा. अक्षर न् अक्षर तेच, पण आता त्याला जिना मिळाला, हात मिळाला, अयोध्येची ती सकाळ मिळाली. अशीच दुसरी गोष्ट पिकल्या जांभळांची, फांदीवरून नितळ पाण्यात पडणाऱ्या. तिच्यातली चौथी ओळही नुसत्या आवाजाचीच. कालिदास आणि धारचा भोज यांच्यामध्ये कित्येक शतकं आहेत, हे शाळेत संस्कृत शिकवण्यात उभा जन्म गेलेल्या आबांना का ठाऊक नव्हतं? पण ते म्हणत, गोष्टीला पंचांग लागत नाही.

समस्या हा शब्द मला आधी असा भेटला, पायऱ्यांवर निथळत. अडचण हा त्याचा अर्थ फार नंतर, शाळेच्या निबंधात आला. लोकसंख्येची समस्या. बेकारीची समस्या. फळ्यावर ते शीर्षक पाहिलं तेव्हा क्षणभर वाटून गेलं, की आता बाई याच्या आधीच्या तीन ओळी विचारणार. बाईंनी मुद्दे लिहून दिले.

आबांकडे शब्द उकलण्याचा एक सावकाश हात होता. ‘सम्’ म्हणजे एकत्र, ते सांगत, आणि ‘अस्’ म्हणजे टाकणं, फेकणं. जे एकमेकांजवळ आणून टाकायचं, जुळवायचं, ती समस्या. व्याकरणातला समास तिचा सख्खा भाऊ, त्याच धातूच्या पोटचा. अमरकोशात हे भाऊ-बहीण एकाच ठिकाणी राहतात. समस्येची ओळखच तिथे समासाच्या नात्यानं करून दिली आहे. थोडं अलीकडे प्रहेलिका, म्हणजे कोडं, आणि अगदी लगतची शेजारीण किंवदंती, लोकांच्या तोंडून कानावर आलेली वार्ता. काय आळी आहे! संध्याकाळी दिवे लागल्यावर आम्ही तो कोश घोकत असू तेव्हा मला ती खरीच आळी वाटायची, आमच्या मधल्या आळीसारखी, ओट्याला ओटा लागलेली. वात्स्यायनानं मोजलेल्या चौसष्ट कलांतही ही मंडळी आहेत: प्रहेलिका आहे, आपल्या भेंड्यांची पणजी शोभेल अशी प्रतिमाला आहे, आणि काव्यसमस्यापूरण आहे. फुलं गुंफणं, अत्तरं बनवणं यांच्या पंगतीला बसलेली समस्या! ती अडचण कशी असेल?

इंग्रजीतून आपल्या तोंडी बसलेल्या ‘प्रॉब्लेम’च्या पोटातही ग्रीक भाषेतलं फेकणंच आहे. पण ते पुढ्यात आणून फेकणं. वाटेत पडलेली वस्तू. ठेच लागेल, ओलांडून जा. समस्येतलं फेकणं एकमेकांकडचं आहे. हा फरक इतका बारीक, की दिवसभर प्रॉब्लेम हा शब्द जिभेवर घोळवणाऱ्या माणसाला तो कळायचं कारण नाही, आणि कळला तरी त्यानं त्याच्या संध्याकाळच्या बसची वेळ काही बदलत नाही.

इथे तर प्रॉब्लेमही म्हणत नाहीत. इश्यू म्हणतात. त्याला तिकीट फाडतात, आकडा देतात, आणि तो कुणाच्या तरी नावावर टाकतात. माझं काम असं, की बिघाड झाल्यावर यंत्रानं लिहून ठेवलेली शेवटची ओळ वाचायची. काळ्या पडद्यावर तांबड्या अक्षरात ती उमटलेली असते, आणि बहुतेक वेळा तिचा अर्थ लागत नाही. ती खोटी नसते. यंत्राला खोटं बोलता येत नाही. तिच्या आधी काय काय घडलं असेल, कुणी कोणतं बटण दाबलं असेल, कुठली गोष्ट कुठल्या गोष्टीआधी पोचली असेल, ते रचत मागे मागे जायचं. तीन ओळी जुळल्या, की तीच वेडगळ तांबडी ओळ इतकी स्वाभाविक दिसू लागते, की दुसरं काही घडणं शक्यच नव्हतं असं वाटतं. रात्री उशिरा, मजल्यावरचे निम्मे दिवे मालवलेले असताना असं काही जुळतं तेव्हा मी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहते. आबांना हे दाखवायला हवं होतं.

आर. के. बाळिगा नावाच्या माणसानं या इलेक्ट्रॉनिक सिटीचं स्वप्न पाहिलं तेव्हा इथे शेतं होती. केऑनिक्स हे सरकारी महामंडळ १९७६ साली निघालं, त्याचे ते पहिले प्रमुख. दोन वर्षांनी कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या शिवारात सव्वातीनशेहून अधिक एकर जागेवर त्यांनी इलेक्ट्रॉनिक सिटी आखली. मेट्रोतली बाई स्थानकाचं नाव पुकारते, ‘कोनप्पन अग्रहार’, तेव्हा डब्यातलं कुणी मान वर करत नाही, पण मला गंमत वाटते. अग्रहार म्हणजे विद्वानांना इनाम दिलेलं गाव. कधीकाळी इथल्या एखाद्या ओसरीवरही कुणी कुणाला चौथी ओळ दिली असेल, आणि समोरचा खांबाला टेकून, डोळे मिटून, बोटांवर मात्रा मोजत बसला असेल. असेल म्हणते. नसेलही.

समस्या हा शब्द मात्र इथे दाराबाहेर पडलं की भेटतो, कन्नड वेषात. २०२४च्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्या, टँकरचे भाव चढले, आणि आमच्या इमारतीचा पहारेकरी रोज सकाळी दारोदार एकच वाक्य सांगत फिरायचा: “नीरिन समस्ये इदे.” पाण्याची समस्या आहे. शेवटचा तो ‘ये’ जरासा लांबवायचा, आर्जवानं. मी बादली खाली ठेवून ऐकत राही. आजीचं माहेर निपाणीचं. भांडीवालीशी घासाघीस करताना तिच्या मराठीत असेच ‘ए’ डोकवायचे. पाण्यासाठी जीव कासावीस झालेला, आणि मला कुठे ते शेपूट ऐकून बरं वाटत होतं. माणसाच्या कानाचं काही सांगता येत नाही.

कोडं आणि समस्या, लहानपणी दोन्ही आमच्या घरात होती, पण त्यांच्या वागण्यात मोठा फरक होता. कोडं घालणाऱ्याच्या मुठीत उत्तर आधीच असतं. त्याचे डोळे लुकलुकतात, तो आपल्याला गावं द्यायला लावतो, आणि मूठ उघडली की खेळ संपतो. उखाण्याचंही तसंच, म्हणजे नाव घेण्याच्या उखाण्याचं नव्हे, त्याच्या जुन्या अर्थाचं, कोड्याचं. कूट त्याहून गहन. व्यासांनी गणपतीची लेखणी थबकावी म्हणून महाभारतात आठ हजार आठशे कूटश्लोक पेरले असं सांगतात, आणि वाटणावर बसलेली आजी हे ऐकून दाण्याच्या कुटाकडे बोट दाखवून म्हणे, “हे बघा आमचं, अजून बारीक व्हायचंय.” मुक्ताबाईंच्या अभंगातली मुंगी सूर्याला गिळते, त्यांच्याआधी शतकभर, इकडे कल्याणात अल्लमप्रभू आपल्या बेडगिन वचनांतून असंच अशक्य काही बोलत होते, आणि पुढे कनकदासांच्या अशा गूढ पदांना कन्नड लोकांनी ‘मुंडिगे’ असं नावच दिलं. या सगळ्यांच्या मुठीत काहीतरी आहे, ते उघडायला जन्म पुरत नाही एवढंच.

समस्या घालणाऱ्याची मूठ रिकामी असते. त्यालाही उत्तर माहीत नसतं. तो एक टोक तुमच्या हाती देतो आणि वाट बघतो. इतका विश्वास.

आबांच्या समस्या मराठी असत, बिनवृत्ताच्याही चालत. पावसाळ्यात वीज गेली, की कंदिलाच्या उजेडात ते एक ओळ टाकत आणि आम्ही भावंडं पोटावर पालथी पडून विचार करत असू. एकदा त्यांनी दिलं: ‘म्हातारी हसली आणि चूल विझली’. मी काहीतरी वारा, खिडकी, फुंकणी असं जुळवत बसले. दादा उठून उभा राहिला आणि म्हणाला, म्हातारी चुलीपुढे बसून चूळ भरत होती, तोंड पाण्यानं गच्च, तेवढ्यात नातवानं काखेत गुदगुल्या केल्या! चूळ आणि चूल. आबा इतके हसले, की त्यांचा चष्मा कंदिलावर जाऊन आदळला आणि काच तडकली. त्या तडकलेल्या काचेच्या कंदिलाच्या उजेडात आम्ही पुढे कित्येक पावसाळे वाचलं, भिंतीवर एक बारीक तिरपी रेघ कायमची.

आणि एकदा दिलं: ‘भर दुपारी अंगणी चांदण्यांचा सडा पडला’. ही ओळ त्यांना स्वतःलाच फार आवडली होती, दोनदा म्हणून दाखवली. दादानं कौलांच्या भोकांतून येणारे कवडसे सांगितले. मी पारिजातक सांगितला, त्यावर दादानं पारिजातक दुपारी कुठला, असा चोख आक्षेप घेतला. आबा स्वतः शार्दूलविक्रीडिताच्या तयारीत, गुणगुणत, मांडीवर ताल धरून. आजी आत भाकरी थापत होती. थापायचा आवाज थांबला नाही. त्या आवाजावरच तिनं आतून ओळ सोडली:

लेक निघाली सासरी, आरसा हातून फुटला
भर दुपारी अंगणी चांदण्यांचा सडा पडला

आबांचं गुणगुणणं थांबलं. त्यांनी वृत्त सोडून दिलं, म्हणजे त्या दिवसापुरतं तरी. नंतर ते आत गेले, आणि पाटावर बसून, कुणी न वाढता, टोपल्यातली भाकरी स्वतः घेऊन खाऊ लागले. ही त्यांची दाद.

मी आजीला मागाहून विचारलं होतं, तुझा आरसा फुटला होता का गं? “छे! आमच्याकडे कुठला आलाय आरसा. फणेरपेटीतलं बोटभर भिंग होतं, तेही आईनं ठेवून घेतलं धाकटीसाठी.” मग फुटला कुणाचा? आजीनं तव्यावरची भाकरी उलटली. ती फुगेपर्यंत ती बोलली नाही, आणि फुगल्यावर दुसरंच काही बोलली.

मेट्रोची पिवळी मार्गिका २०२५च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली आणि होसूर रोडवर, सिल्क बोर्डाच्या चौकात, आयुष्याची कितीतरी वर्षं पेरून बसलेल्या आम्हा लोकांना एकाएकी शहर जवळ आलं. मी कधीकधी सुट्टीच्या दिवशी आर. व्ही. रोडला गाडी बदलून हिरव्या मार्गिकेनं चिकपेटला जाते. खरेदी निमित्तापुरती. रेशमाच्या दुकानांच्या, घाऊक पितळी भांड्यांच्या, एकमेकांत अडकलेल्या हातगाड्यांच्या त्या जुन्या पेठेत फिरताना मला एक माणूस शोधायचा असतो, तो साडेतीनशेहून जास्त वर्षांमागे इथे आला होता. जयराम पिंड्ये. नाशिककडचा हा कवी शहाजीराजांच्या दरबारात उभा राहिला आणि त्यानं राजांपुढे बारा नारळ ठेवले. बारा कशाला? तर मला बारा भाषांत कविता करता येते म्हणून!

आपण शहाजीराजे म्हटलं की घोड्यावरचे राजे बघतो. १६३८ साली केंपेगौडांचं बंगळूर विजापूरकरांच्या फौजेनं घेतलं आणि ते शहाजीराजांकडे जहागिरीत आलं, हे आपण परीक्षेपुरतं पाठ करतो. जयरामाच्या ‘राधामाधवविलासचंपू’त राजे दिसतात ते बसलेले, ऐकणारे. भोवती ठिकठिकाणचे कवी, आणि समस्या घातल्या जाताहेत, पुऱ्या केल्या जाताहेत, संस्कृतात, प्राकृतात, हिंदुस्थानीत, कानडीत. इतिहासकार राजवाड्यांनी हा ग्रंथ १९२२ साली छापला, त्याला भलीमोठी प्रस्तावना जोडली. आबांकडची प्रत सुटी पानं झालेली, दोऱ्यानं बांधलेली होती, आणि त्या प्रस्तावनेच्या समासांत आबांनी पेन्सिलीनं वाद घातलेले होते. वाद राजवाड्यांशी, म्हणजे हरण्याची खात्रीच. पण समस्यांच्या पानांवर एकही वाद नव्हता. तिथे नुसत्या बारीक खुणा, आपण ज्या ओळीशी हसलो तिथे करतो तशा.

चिकपेटेत, एका पितळी भांड्यांच्या दुकानापुढे, गड्याच्या हातून हंड्यांची चळत सुटली आणि रस्त्याच्या उतारावरून एक हंडा ठणाणा करत गेला. सगळी गल्ली वळून बघू लागली. मला वाटलं, बारा भाषांतल्या बारा जणांनी आता आपापल्या तीन ओळी सांगाव्यात. एका रिक्षावाल्यानं पायानं हंडा अडवला आणि शिवी दिली, कानडीत. तीही पूर्तीच म्हणायची.

या शहरात समस्या अजून जुन्या अर्थानं जिवंत आहे, हे मला आमच्या खालच्या मजल्यावरच्या अज्जींनी सांगितलं. माझं कन्नड ‘स्वल्प स्वल्प’, त्यांचं हिंदी त्याहून स्वल्प. मध्ये त्यांचा नातू, तो कंटाळला की संस्कृत शब्द. मी ‘ओगटु’ म्हटलं, कोड्याला कन्नडमध्ये म्हणतात ते, आजीकडून ऐकलेलं, आणि अज्जी खुर्ची ओढून जवळ आल्या. त्यांनी अवधानं ऐकली होती, म्हणजे भोवती बसून अडवणाऱ्या पृच्छकांना तोंड देत भरसभेत रचलेली कविता. शतावधानी आर. गणेश यांची, ज्यांनी २०१२ साली बंगळुरातच शंभर पृच्छकांपुढे कन्नडमधलं शतावधान केलं. आणि हे गणेश शिक्षणानं अभियंते, हे सांगताना अज्जींनी इलेक्ट्रॉनिक सिटीच्या काचेच्या इमारतींकडे असं पाहिलं, की तुमच्यात आहे का कुणी?

अष्टावधानात आठ पृच्छक अवधान्याभोवती बसतात. एक जण अमुक अक्षर वापरू नका म्हणून पावलोपावली अडवतो. एक जण मधूनच घंटा वाजवतो, तिचे टोल मनात मोजत राहायचे. एकाचं कामच अवांतर बडबड करून लक्ष उडवणं. अज्जींना तोच सर्वांत आवडतो. आणि एक जण समस्या घालतो. ओळ अशी निवडायची, की ऐकताच सभेनं कानांवर हात ठेवावेत किंवा हसावं: अशक्य, वेडीवाकडी, कधी चक्क अभद्र. अवधानी एका फेरीत एकच ओळ देतो, आणि पुढच्या पृच्छकाकडे वळतो. सभा ताटकळते. पहिल्या ओळीनं काही उलगडत नाही. दुसरीनं संशय येतो. तिसरी पुरी होता होता सगळ्या सभेला एकदम कळतं, आणि पृच्छकाची ती वाह्यात ओळ सभाच त्याच्याआधी म्हणून टाकते. अज्जींनी हे सांगताना हात वर केला तो तसाच राहिला. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या.

आबांच्या शेवटच्या वर्षांबद्दल मी फारसं बोलत नाही. त्यांचं विसरणं विचित्र होतं. सुरुवाती गेल्या आणि शेवट राहिले. सकाळी अंघोळ करून बसले, की मध्येच म्हणत, “…म्हणून मग छत्री तिथेच राहिली.” कुठली छत्री, कधीची? डोळे आमच्याकडे लागलेले, उत्तराच्या आशेनं. आम्ही गडबडून विषय बदलत असू, औषध देत असू, उशी सारखी करत असू. आजी हातातलं काम ठेवून त्यांच्यासमोर बसे. “अहो, पाचवडला नाही का. गुऱ्हाळावर रस प्यायला थांबलात, तेवढ्यात एस.टी. आली, धावलात, आणि छत्री राहिली बाकावर. ती काळी, वेताच्या मुठीची.” आबांच्या कपाळावरची आठी एकेक ओळीनं सुटत जाई. “हां,” ते म्हणत, “वेताच्या मुठीची.” आणि स्वस्थ होत.

दादानं एकदा स्वयंपाकघरात तिला हळूच विचारलं, “खरंच पाचवडला राहिली होती?”

“मला काय ठाऊक? मी का होते तिथे?”

किती छत्र्या, किती चुकलेल्या गाड्या, किती माणसं तिनं अशी रचली, याचा हिशेब नाही. ज्या बाईनं आयुष्यात कागदाला कधी पेन लावलं नाही, तिनं रोज सकाळी, निवडलेल्या भाजीच्या परातीशी बसून, एका माणसाच्या ओळी जुळवल्या. खऱ्या की खोट्या, हे समस्येत विचारत नाहीत. बसतात का, एवढंच. त्यांना त्या बसत होत्या. एका दुपारी आबा म्हणाले, “…आणि आरसा फुटला.” आजी गप्प राहिली. मी तिच्याकडे पाहिलं. खूप वेळानं ती म्हणाली, “फुटू द्या. दुसरा आणू.” एवढी एकच तिनं अपुरी सोडलेली.

दादा अजून वाईलाच असतो. आमच्यात हल्ली फोनवर ओळींची देवाणघेवाण चालते, तीही त्याच्या दुकानाला सुट्टी असेल तेव्हा. परवा इथे असा पाऊस झाला, की तळघरातल्या गाड्यांची चाकं बुडाली, आणि त्याच वेळी आमच्या नळाला पाणी नाही म्हणून सगळी इमारत टँकरकडे डोळे लावून बसलेली. मी खिडकीत उभी राहून दादाला लिहिलं: ‘बाहेर धो धो पाऊस, टँकरची वाट पाहतो’. रात्री त्याचं उत्तर आलं.

ज्याच्या गावी कृष्णामाई, तोही परगावी राहतो
बाहेर धो धो पाऊस, टँकरची वाट पाहतो

‘तोही’मधला ‘ही’ केवळ मात्रा भरायला घातलाय, असं मी त्याला कळवलं. तो म्हणाला, कालिदासही घालत असे, तू आपलं टँकरचं बघ.

अज्जींना मी हे सगळं, नातवाला चॉकलेट देऊन, समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलं, मान हलवली, आणि साफ नापास केलं. दादाच्या पूर्तीला नव्हे, माझ्या समस्येला. जे खरंच घडतंय ती कसली समस्या? अशक्य पाहिजे. मग त्यांनी स्वतः एक ओळ घातली, आधी कन्नडमध्ये, आणि मग माझी धडपड बघून शब्द सुटे सुटे करून: सासू सुनेच्या पोटी जन्मली. सूनबाई आतून बाहेर आल्या, त्यांना सातवा महिना चालू आहे, आणि त्यांनी कन्नडमध्ये सासूबाईंना काहीतरी दटावलं. अज्जी तोंडाला पदर लावून हसत राहिल्या.

मी ओळ दादाला धाडली आहे. त्याला उद्यापर्यंतची मुदत. मला वाटतं, मला सुचलं आहे. बाळाचं नाव काय ठेवायचं ते त्या घरात आधीच ठरलेलं दिसतंय. फक्त तिसऱ्या ओळीत एक अक्षर जास्त होतंय, आणि ते ‘ही’ नाही.